काडेपेटीतली पांढरी सहा

"मधलं गाळायचं नाही हं," म्हणत काका डोळे मिटायचे आणि डावा कान आपल्याकडे करायचे. उजवा केव्हाच गेला होता. कोणी नुसती मासळी घेऊन परतत असला तरी त्याला थांबवायचे, आणि तो बिचारा पिशवी हातात धरून बाजाराची सगळी हकिगत सांगत बसायचा. तुमच्याही आळीत असं माणूस असेलच. दिसलं की आपण वाट बदलतो, आणि दिसलं नाही की चुकल्याचुकल्यासारखं होतं.

काका रत्नागिरीतले आमचे शेजारी. पेट्या जुळवणं, म्हणजे हार्मोनियम सुरात आणणं, हा त्यांचा धंदा. गणपती जवळ आले की पाली, हातखंबा इकडच्या भजनी मंडळांच्या पेट्या त्यांच्या पडवीत रांगेने येऊन बसत. पेटीतली पितळेची बारीक रीड कानशीने किंचित खरवडायची, ओठांना लावून फुंकायची, पुन्हा खरवडायची. एकदा मी त्यांना मोबाइलमधलं सूर दाखवणारं यंत्र दाखवलं. "आणि ह्याला गो कोणी जुळवलंन?" म्हणाले. संपला विषय!

पण सत्तरी उलटल्यावर त्यांना डाव्या कानाचीही शंका यायला लागली. मी शिकायला व्हिएन्नाला निघाले, त्या दिवशी त्यांनी स्वतःच्या पेटीतली एक रीड काढून काडेपेटीत घातली आणि माझ्या हातावर ठेवली.

"ही पांढरी सहा. सहाव्या पांढऱ्या पट्टीचा सूर. तिकडची मंडळी वाजवण्याआधी सगळी मिळून हाच लावतात, रेडिओवर ऐकलंय मी. तो ऐक, मग ही फुंक. माझी उतरलेली निघाली तर तसं सांग. गोड बोलायचं नाही. कान गेला असेल तर लोकांच्या पेट्या बिघडवत बसायचा नाही मी."

"अहो, ती शिकायला जात्येय!" काकू आतून ओरडल्या. काकांना ते ऐकू आलं नाही, किंवा तसं त्यांनी दाखवलं.

अखेर एका रविवारी मुहूर्त लागला. सकाळी वाद्यांचं संग्रहालय. पेटी मूळची तिकडची, तेव्हा तिचं माहेर बघून ये, असाही हुकूम होता. पायांनी भाता हलवायची एक जुनी पेटी तिथे दिसली आणि मी दसऱ्याच्या सवयीने वाकून नमस्कार केला. पहारेकरी धावतच आला! त्याला वाटलं, मी हात लावत्येय. पुढे एका काचेच्या कपाटात चिमट्यासारखे दोन पायांचे लोखंडी काटे ओळीने मांडले होते. खाली जर्मनमध्ये लांबलचक पाटी. पोटात कावळे ओरडत होते. फोटो काढला आणि सटकले.

संध्याकाळी मैफल. मला मागे उभं राहायची जागा मिळाली होती. एका वाद्याने सूर दिला आणि बाकीची सगळी त्यात येऊन मिळाली. अंगावर काटा आला हो. मी काडेपेटी उघडली आणि रीड फुंकली. पुढच्या बाईंनी मागे वळून असं काही पाहिलं की बस! पण मला हवं ते कळलं होतं. काकांचा सूर केसभर खाली होता. त्यानंतर त्या लोकांनी काय वाजवलं, मला खरंच आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी फोन केला. नमस्काराची गोष्ट ऐकून काका खूप हसले. मग मी सांगून टाकलं.

"किती?"

"केसभर, काका."

"केसभर म्हणजे उतरलेलीच की गो."

आठवड्याभरात आईने कळवलं, काकांनी सगळ्या पेट्या परत पाठवल्या. पडवी झाडून मोकळी केली. मला इतका राग आला! आधी त्यांचा, मग माझा.

महिन्याभराने फोटो चाळताना ती पाटी समोर आली. मैत्रिणीने वाचून दाखवली. ते काटे सूर धरायचे होते, ठोकले की एकच सूर देणारे, एकेका गावचा एकेक. पूर्वी प्रत्येक गाव आपापल्या उंचीवर सूर लावायचं, आणि इथले वादक आजही तो जरा चढाच लावतात. मी तिथल्या तिथे रत्नागिरीला फोन लावला.

"म्हणजे चढे ते आहेत!" काका म्हणाले.

"हो, काका!"

"आणि पाटी तू वाचली नव्हतीस."

"भूक लागली होती."

"मधलं गाळलंस गो." आणि हसता हसता त्यांना ठसका लागला. त्याच आठवड्यात पालीची पेटी पडवीत परत आली.

मी मे महिन्यात घरी आले. काका चैत्रातच गेले होते. काकूंनी त्यांची पेटी उघडून माझ्यापुढे ठेवली. "शेवटी ही सगळी नव्याने जुळवून ठेवलीन. तुझ्याकडची तेवढी राहिली."

रीडांच्या ओळीत एक जागा रिकामी होती. काडेपेटीतली रीड मी तिथे बसवली, दोन बारीक स्क्रू आवळले. काकूंनी भाता हलवला. मी ती पट्टी दाबली, मग तिच्याबरोबर खालच्या आणि वरच्या सप्तकातली पांढरी सहा. तिन्ही मिळून एकच सूर निघाला, कुठे केसभर फट नाही. ही रीड समोर नसताना त्यांनी बाकीच्या सगळ्या हिच्याशी जुळवल्या होत्या, नुसत्या त्या डाव्या कानावर.

"मिळाली का गो?" काकूंनी विचारलं.

"मिळाली," एवढंच मला बोलता आलं. मधलं सगळं मी गाळलं.