मी धान उपटला नाही

एकोणीसशे साठच्या आसपास लग्न होऊन मी मारेगावजवळच्या कपाशीच्या गावात आले. माझं माहेर धानाचं. तिथून आणलेलं बियाणं मी सासरच्या शेतात, नाल्याकाठच्या ओलसर तुकड्यात लावलं.

भादव्यात पावसानं दडी मारली आणि धानाच्या पानांवर बारीक पांढरे ठिपके पडले. आठवड्याभरात पानं तांबूस झाली. उलटून पाहिलं, तर डोळ्यांना जेमतेम दिसणारे लाल कोळी रस शोषत बसले होते.

सासरे बांधावरूनच म्हणाले, "सूनबाई, उपटून टाक हे. गाव हसून राह्यलं."

तोवर मी त्यांच्यापुढे कधी तोंड उघडलं नव्हतं. पण त्या सकाळीच मी एकेक ठोंब निरखला होता. जुनी पानं करपत होती, तरी कित्येक ठोंबांच्या पोटातून नवं पान वर येत होतं.

"मामाजी, मी नाही उपटत," मी म्हणाले. "मधातलं पान हिरवं हाय. धानानं हार मानली नाही, मंग मी कायले मानू?"

ते बांधावरून घराकडे वळले. मी रोज नाल्याचं पाणी ओंजळीनं पानांवर मारत राहिले. काही ठोंब वाळलेच. उरलेल्यांना उशिरा लोंब्या आल्या, दाणे थोडे आणि बारीक. जे ठोंब शेवटपर्यंत हिरवे राहिले, त्यांचं बियाणं मी वेगळं बांधून ठेवलं.

पुढच्या पावसाळ्यात मी त्याच तुकड्यात चिखल तुडवत होते, तेव्हा सासऱ्यांनी विचारलं, "आताही धानच?"

"धानच," मी म्हणाले.