आत्याच्या चटईला लावलेली माती

लेसिएली वन्सं गेल्या आणि कालोलाइन मयताला आलीच नाही तर? वन्सं अजून आहेत, पण डॉक्टरांनी त्यांना घरी पाठवलंय. त्याचा अर्थ इथे टोंगात, सगळ्या नुकुअलोफा शहराला कळलाय. माझी मुलगी ऑकलंडमध्ये बसली आहे आणि आत्याचं नाव काढलं की फोन ठेवते.

कपडे हेच तिचं आयुष्य. लहानपणी ती चर्चमधल्या जुन्या फोटोंतल्या बायकांच्या बाह्या बघून साल सांगायची. ऑकलंडला आधी कपडे दुरुस्त करायच्या दुकानात होती, मग नाटकांत, मग सिनेमात. आपल्या लोकांवरचा सिनेमा मिळाला तेव्हा फोनवर रडली होती. १९१८च्या तापाच्या साथीपासून पुढच्या पन्नासेक वर्षांची एका घराची गोष्ट. आमच्यात मानाच्या प्रसंगी कपड्यांवरून कमरेला चटई नेसतात; त्या घरात एकच चटई आईच्या कमरेवरून मुलीच्या कमरेला जाते. म्हणजे तीच चटई तीनदा विणायची: कोरी, वापरलेली, आणि शेवटच्या मयताच्या प्रसंगासाठी पार विरलेली.

नमुना म्हणून तिनं आत्याची चटई मागितली. वन्संच्या आजीची, केवड्याच्या पात्यांची, इतकी बारीक की कापडासारखी दुमडायची. वन्सं ती गादीखाली सपाट ठेवत. नमुना बघायला म्हणून दिली, नेसायला नव्हे.

दोन चटया झाल्या. तिसरी अर्धी असतानाच शूटिंगच्या तारखा अलीकडे आल्या. दिग्दर्शक डंकन म्हणाला, "ही खरी आहे ना तुझ्याकडे? हीच घे. फक्त फार नीटनेटकी दिसते गं, कुणाला जुनी वाटणार नाही."

तिनं नाही म्हटलं. तो म्हणाला, "मग उद्याचं शूटिंग तू रद्द केलंस, असं सगळ्यांना तूच सांग."

कालोलाइननं ब्लेड घेतलं. कडा उसवल्या, धूर दिला, माती चोळली. डंकन खूश. "आता कशी खरी वाटते!"

चटई परत द्यायला ती स्वतः आली. मी सोबत होते. आम्ही दोघी खाली बसलो, वन्सं खुर्चीवर. त्यांनी घडी उलगडली आणि कडेवरून बोट फिरवलं.

"आत्या, मी विणून देते. तश्शीच," कालोलाइन म्हणाली.

"माझ्या आजीला बोलावशील विणायला?"

"आत्या..."

"राहू दे तुझ्याकडेच. माझ्या मयताला तुला फाटकीच गुंडाळायची आहे ना? भावाची पोर तू. आयती झाली. माती पण लावून ठेवलीस, बरं केलंस."

खरंच आहे ते. आत्या गेली की भावाच्या मुलांनी फाटक्या चटया गुंडाळून मागच्या दारी चुलीपाशी राबायचं, ही आमची रीतच आहे. पण जिवंत आत्यानं असं तोंडावर म्हणायचं, म्हणजे घराचं दार लावून घेणंच. तिच्या शब्दापुढे आमच्यात कुणी जात नाही. त्यांचा भाऊ, माझा नवरा, आज असता तरी त्याचंही काही चाललं नसतं.

सिनेमाला बक्षीस मिळालं, तेही कपड्यांसाठी. वर्तमानपत्रात त्याच चटईचा फोटो छापला होता आणि खाली डंकनचं नाव. कालोलाइननं त्यानंतर एकही सिनेमा घेतला नाही. आता हॉस्पिटलच्या चादरी शिवते.

मागच्या आठवड्यात मी तिला म्हटलं, "ये गं. त्यांना फार दिवस नाहीत."

"कशाला, आई? त्यांनी सांगितलंय मी कधी यायचं ते. मेल्यावर. आणि तेव्हा मी ती चटई गुंडाळून सगळ्यांसमोर उभी राहू? मला नाही जमायचं."

मला राग दोघींचा येतो. एकीनं पोटासाठी हात चालवला, दुसरीनं जीभ. पण बोलावणं मोठ्या माणसाकडूनच यायला हवं, आणि ते जिवंतपणीच यायला हवं.

भावजयीनं वन्संना शिकवायचं नसतं. त्या काय ऐकवतील तेही मला पाठ आहे. सगळं ऐकून घेईन आणि मग म्हणेन, "वन्सं, पोरीला तुमच्या तोंडानं ये म्हणा. आजच." त्या जाग्याच असतात या वेळी. लावते वन्संनाच फोन.