हवेवरच्या बोलण्याची पोच

हॅम रेडिओवाल्यांनी कुणाशी, किती वाजता बोललो ते वहीत टिपायचं, असा नियम. पण जे वहीत मावत नाही त्याचेच किस्से होतात! घरी बसून बिनतारी संचावर दुसऱ्या गावाशी बोलायचं, ही आमची हौस. त्याला सरकारचं लायसन्स लागतं, आणि सरकार ऐकतही असतं.

मी आर्णीची, सातवी शिकलेली. गाइड वाचून एकसष्टाव्या वर्षी परीक्षा पास झाले, कुणाच्या मेहरबानीनं नाही. चौकशीला हवालदार आला. "मावशी, याच्यावर पाकिस्तानशी बोलता येते काय?"

म्हटलं, "आधी महागाव तर लागू दे!"

महागावला माझी मैत्रीण शेवंता, बंजारा. मी तांड्याशेजारी वाढले, म्हणून आम्ही गोरबोलीत बोलायचो. सरकारच्या ऐकणाऱ्यांचा, म्हणजे मॉनिटरिंगवाल्यांचा, शेवंताला फोन आला, "सांकेतिक भाषा चालत नाही."

शेवंता म्हणाली, "साहेब, तांड्यातलं लेकरू बोलते हे. त्याचंबी लायसन्स काढू काय?"

हवेवर धंद्याचं बोलायलाही बंदी. वणीचे ढोकेभाऊ, खाणीतले रिटायर्ड इलेक्ट्रिशियन, विसरले. "बाई, आर्णीत कापूस काय भाव?"

"भाऊ, नियम! हवामान विचारा."

"बरं. कापसाचं हवामान काय म्हणते?"

यंदा आमच्याकडे अठरा दिवस नळ नाही. पाण्याच्या ऑफिसात तीन अर्ज दिले. पोच मागितली की बाबू म्हणे, "ठेवून जा, आजी." शेवटी मी हवेवर बोलले, "अठरा दिवस झाले. अर्ज खाऊन राह्यले काय हे लोक?"

लायसन्सवाल्या ऑफिसाची नोटीस आली! हवेवर तक्रारी केल्याबद्दल लायसन्स रद्द का करू नये, पंधरा दिवसांत खुलासा द्या. सोबत माझं बोलणं शब्द न् शब्द टाइप केलेलं, वर जावक क्रमांक, खाली गोल शिक्का.

ढोकेभाऊ घाबरले. "बाई, माफी लिहून द्या, नाहीतर संच जाईन!"

"माफी कायले? खोटं काय बोलली मी?"

त्या कागदाची झेरॉक्स काढली आणि पाण्याच्या ऑफिसात ठेवली. बाबूनं शिक्का पाहिला, खुर्चीतून उठून उभाच राहिला. "आजी, हा अर्ज टाइप कोनं केला?"

"सरकारनं!"

पोच मिळाली. तिसऱ्या दिवशी नळ आला. मग मी खुलासा लिहिला, एका ओळीचा: "बोलणं माझंच आहे, बरोबर उतरवलं आहे, पाणी आलं, कळावे."