अक्काला दिलेली घंटेची फुलं

ते झाड मी हौसेने आणलं, हे आधीच कबूल करते. कानडी मुलखातल्या सप्तापुरात आमचं लहानसं घर, पुढे दोन हात जागा, आणि शाळेतून निवृत्त झाल्यावर मला दुसरा उद्योग नव्हता. एका नर्सरीत ते दिसलं. पुरुषभर उंच, आणि फांद्यांना वीतभर लांब, खाली तोंड केलेली फिकट केशरी फुलं. नर्सरीवाल्याने नाव सांगितलं, ब्रुगमॅन्शिया. मी चिठ्ठीवर लिहून घेतलं आणि त्याचंच एक लहान रोप मागितलं. गल्लीत कुणाच्या जिभेला ते वळेना, म्हणून ते घंटेचं झाड झालं. पैसे घेताना तो म्हणाला, धोतऱ्याच्याच जातीचं आहे बाई, छाटलंत की हात साबणाने धुवा, डोळ्यांना लावू नका, पोटात तर अजिबात जाऊ देऊ नका. मी जन्मभर शास्त्र शिकवलेली बाई. हे मला ठाऊक आहे, असं मी त्याला ठसक्यात सांगितलं.

झाड भारी हावरट निघालं. उन्हाळ्यात दोन वेळा पाणी, नाहीतर दुपारी सगळी पानं मान टाकणार आणि मला घाबरवणार. पानांच्या मागे लाल कोळ्याची कीड धरायची, मग एकेक पान उलटं करून पुसत बसायचं. खोडाला दोन फाटे फुटेपर्यंत कळी येत नाही म्हणे. दीड वर्ष मी त्या फाट्याची वाट पाहिली. फाटा फुटला, कळ्या आल्या आणि एका संध्याकाळी सगळी गल्ली घमघमली. या फुलांना दिवसा फारसा वास नाही, सूर्य मावळला की सुटतो. येणारेजाणारे फाटकाशी थांबायला लागले आणि मी फुगले.

आता समोरच्या घरातली अक्का. तिचा नवरा नोकरीसाठी परगावी, तो महिन्यातून एकदा येणार. घरात ती आणि तिचे सासरे, ज्यांना सगळी गल्ली अज्जा म्हणते. अज्जांचं वय ऐंशीच्या पुढे, पण काठी न घेता चालायचे. ती माझ्याशी मराठीत बोलते, मी तिच्याशी कानडीत, आणि हे उलटं आहे असं दोघींनाही कधी वाटलं नाही. स्वभावाने सोन्यासारखी बाई. पण एक खोड होती. पहाटे प्लॅस्टिकची पिशवी घेऊन निघायची आणि गल्लीभरच्या कुंपणांवरची फुलं अज्जांच्या पूजेसाठी गोळा करायची. माझ्या मोगऱ्याचा, इथल्या भाषेत मल्लिगीचा, वेल म्हणजे तिच्या हक्काचाच. मी उठून बाहेर येईपर्यंत वेल पार ओरबाडलेला. माझा नुसता जळफळाट व्हायचा. पण अक्का, माझ्या फुलांना हात लावू नका, एवढं एक वाक्य मला तिला कधी तोंडावर सांगता आलं नाही. फुलांसाठी काय भांडायचं, लोक काय म्हणतील, म्हणून मी गप्प, आणि आतल्या आत चरफडायची.

एका संध्याकाळी ती घंटेच्या झाडापाशी उभी राहून कौतुक करत होती, तेव्हा मला ती युक्ती सुचली. युक्ती कसली, कावेबाजपणाच. मी म्हणाले, "अक्का, ही महादेवाची फुलं. ही न्या की रोज, हवी तेवढी." महादेवाला धोतरा वाहतात, तेव्हा यात खोटं काही नव्हतं. विषारी आहेत, एवढंच सांगायचं राहिलं. राहिलं तरी कसलं, ओठावर आलेलं मी गिळलं. ते ऐकलं असतं तर तिने त्या झाडाला हात लावला नसता आणि पुन्हा माझ्या मल्लिगीवर आली असती.

युक्ती लागू पडली. मल्लिगीला कुणी शिवेना. सकाळी चहाचा कप घेऊन मी भरलेला वेल बघत बसायची आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटायची. चारपाच दिवसांनी अक्का म्हणाली की पहाटे तोडलेली फुलं पूजेपर्यंत लोळागोळा होतात. मी शास्त्राच्या बाईच्या थाटात सल्ला दिला, संध्याकाळी तोडा आणि रात्रभर पाण्यात ठेवा. माझ्या डोळ्यांपुढे एखादा पेला होता. पण देवाचं फूल घरच्या उष्ट्या पेल्यात अक्का कशी ठेवील? तिने ती अज्जांच्या पूजेच्या पाण्याच्या तांब्याच्या चंबूत ठेवली. अज्जा लिंगायत. सकाळी आंघोळ करून गळ्यातलं लिंग तळहातावर घेणार, त्याच चंबूतलं पाणी त्यावर घालणार, ते तीर्थ म्हणून घेणार. चंबूत उरलेलं पाणीही ते टाकत नसत, पिऊन संपवत. अज्जांची ही रीत मला माहीत होती. वीस वर्षं समोर राहते मी.

सल्ला दिल्याच्या दुसऱ्याच सकाळी आठच्या सुमाराला अक्का धावत आली. अज्जा वेड्यासारखं करतायत म्हणाली. मी गेले तर अज्जा चटईवर बसून हवेतलं काहीतरी चिमटीत पकडत होते. तोंड लालबुंद, ओठ कोरडे पडलेले, आणि डोळ्यांची बुबुळं एवढी मोठी की डोळ्यांत काळ्याशिवाय काही दिसेना. अक्काला ते आपली मेलेली बहीण समजून बोलत होते. शेजारी पाटावर चंबू होता, रिकामा, आणि त्याच्या तळाशी माझी तीन फुलं भिजून पडलेली. मला तिथल्या तिथे सगळं कळलं.

मी रिक्षा आणली. अज्जांना धरून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांना वाटलं मेंदूत रक्तस्राव झाला असावा, वय आहे. काय खाल्लं म्हणून विचारलं, तर अक्का म्हणाली, रात्री भाकरी-भाजी, सकाळपासून पोटात काही नाही. तीर्थाला कुणी खाणं म्हणतं का? अज्जा खाटेवरून उठून पळायला लागले, तेव्हा त्यांचे हात बांधावे लागले. ऐंशीच्या पुढचा तो भला माणूस, हात बांधलेले, आणि मी बाकावर पर्स मांडीवर घेऊन बसलेली. आता सांगते, मग सांगते करत मी दोन तास घालवले. दोन तास. शाळेत खोटं बोलणाऱ्या पोरींना मी वर्गाबाहेर उभं करत असे.

शेवटी उठले आणि डॉक्टरांना सांगितलं, पूजेच्या पाण्यात माझ्या झाडाची फुलं होती, आता ती धोतऱ्याच्या जातीची वाटतात, त्यांचं विष पोटात गेलं असेल. त्यांनी ताबडतोब औषध बदललं. मग माझ्याकडे वळून विचारलं, झाड विषारी आहे हे तुम्हाला माहीत नव्हतं का? अक्का माझ्या शेजारी उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं.

"नाही हो," मी म्हणाले, "मला कुठे माहीत. शोभेचं झाड म्हणून आणलं."

अक्काने माझा हात घट्ट धरला. डॉक्टरांना म्हणाली, या शास्त्राच्या बाई, यांनासुद्धा माहीत नाही, तर मला अडाणीला काय कळणार.

अज्जा तीन दिवसांनी घरी आले. जीव वाचला, पण पूर्वीचे अज्जा आले नाहीत. चालताना भिंत धरायला लागले, कधी अक्काचं नाव विसरायला लागले. डॉक्टर म्हणतात, या वयात अशा धक्क्यानंतर असं होतं. अक्काची नणंद येऊन तिला नको नको ते बोलून गेली, सासऱ्याला विष पाजलंस म्हणाली. अक्काने मान खाली घालून ऐकून घेतलं. मी माझ्या खिडकीत होते. मला सगळं ऐकू येत होतं.

दुसऱ्या दिवशी मी कोयत्याने झाड तोडलं. दुपारभर तोडत होते. हात साबणाने तीनदा धुतले. अक्काने गल्लीभर सांगितलं, बघा, एवढं जिवापाड वाढवलेलं झाड बाईंनी आमच्यासाठी तोडलं. लोक माझ्याकडे आदराने बघायला लागले. मेलेल्याहून मेल्यासारखं झालं मला. वर ते झाडही बुडापासून पुन्हा फुटलं. मी फुटवे खुडते, ते पुन्हा येतात.

आठवड्याने अक्का माझ्याकडे आली, तेव्हा मला वाटलं, हिला कळलं. एका अर्थी बरंच वाटलं. पण ती पायरीवर बसली आणि रडायला लागली. म्हणाली, "बाई, मला क्षमा करा. इतकी वर्षं तुमची मल्लिगी न विचारता तोडली. चोरीची फुलं देवाला घातली, म्हणून देवाने अज्जांना असं केलं."

सांगायची वेळ तीच होती. माझं तोंड उघडलंही. मी म्हणाले, अक्का, चहा घेता का.

तिला मराठी बोलता येतं, वाचता येत नाही. म्हणून तर मी हे मराठीत लिहायचं धाडस केलं, कानडीत लिहिण्याची माझी छाती नाही.

आता ती पहाटे येत नाही. चांगलं उजाडल्यावर येते, फाटकाबाहेर उभी राहते आणि हाक मारते. आजही आली होती. पिशवी नाही, नुसती ओंजळ पुढे. "बाई, दोन फुलं घेऊ का?" म्हणून विचारलं. मी घ्या म्हणाले. तिने मोजून दोन घेतली, मला नमस्कार केला आणि अज्जांना उठवायला गेली.