खाचरातून गेलेली जीप

त्या पिक्चरच्या पहिल्या भागाचा मी एवढा भक्त, की दुसऱ्या भागाचं शूटिंग आमच्या वेल्ह्यात, तेही थेट आमच्या खाचरात होणार म्हटल्यावर पुण्यात ऑफिसभर मिरवलो. पिक्चरवाल्यांना नायकाची जीप हिरव्या भातातून उधळायची होती. कसलंही गवत रोवलं तरी चालेल, असं ते म्हणालेही होते. पण आई आणि वाडीतल्या बाया कसल्या ऐकतात! त्यांनी आपली चांगली रोपं उपटून आणली आणि रीतसर भातलावणी केली, कॅमेरा पोचणार नाही अशा बांधालगतच्या कोपऱ्यातसुद्धा. लावणी करताना बायांचंही शूटिंग दिवसभर चाललं. "आधी तुम्ही दिसणार, मग गाडी," असं पिक्चरवाल्यांतल्या कुणीतरी आईला सांगितलं. तेव्हापासून ती पिक्चरची वाट बघत होती.

पिक्चर लागला तसा मी टेम्पो ठरवून सगळ्यांना नसरापूरमार्गे पुण्याला नेलं.

खरं सांगायचं तर पैसा ओतलाय आणि डोकं वाचवलंय, असा तो पिक्चर. गोष्ट पहिलीच, फक्त खलनायक दोन. नायक इमारतीवरून पडतो आणि त्याला खरचटतसुद्धा नाही. मध्यंतरानंतर जो तो भाषणं ठोकत सुटतो. पण मारामाऱ्या झकास, आवाज खुर्ची हादरवणारा, आणि शेवटचा पाठलाग एक नंबर. तो आमच्या खाचरातला.

खाचर पडद्यावर आलं तशी आईनं अंधारात पायातल्या चपला काढल्या. लावणी झालेल्या खाचरात आमच्याकडे कुणी चपलेनं उतरत नाही. ती पुढे सरकून बसली. बाया काही दिसल्याच नाहीत. थेट जीप आली, चिखल उडवत, रोपं चाकाखाली घेत, आणि मी तोंडात बोटं घालून सणसणीत शिट्टी मारली. थिएटरात पहिली माझीच. मग मागून आणखी पडल्या.

आईकडे पाहिलं तर ती पायानं चपला चाचपत होती. मला स्वतःची इतकी लाज वाटली की उरलेला पिक्चर कसा संपला ते कळलं नाही.

परतताना टेम्पोत एका काकूंनी विचारलं, "आमी कुठं गेलो रं?"

"लांबी कमी करायला कापलं असेल," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारीण चौकशीला आली. आई भांडी घासत होती.

"आमी न्हाई दिसलो," आई म्हणाली. "पर वावर दिसलं. लई शिट्ट्या पडल्या. पयली ह्यानं मारली, आईनं लावलंय म्हणून."

शेजारीण कौतुकानं माझ्याकडे बघत म्हणाली, "व्हय रं?"

आईनं मान वर केली नाही. मी हो म्हणालो.