बाहेरून लावलेले कुलूप

आमच्या गावात म्हाताऱ्या माणसांना दिवसा कुलपात ठेवतात. उसात बिबट्याचा वावर वाढला, तसे महाळुंगे पडवळच्या आसपास घरोघरी पडवीला लोखंडी जाळी बसली. माणसे शेतावर निघाली की जाळी ओढायची, बाहेरून कुलूप लावायचे आणि किल्ली सोबत न्यायची. आत म्हातारी असते. ती विसरून जाळी उघडी टाकेल, म्हणून ही काळजी. माझ्या घरी ही व्यवस्था मीच सुरू केली. हे आधीच सांगितलेले बरे.

त्या वर्षी जमिनीतून दोनदा गुरगुर ऐकू आली, तेव्हा तालुक्याहून तिघे जण गावच्या शाळेत भूकंपाचे प्रशिक्षण देण्यास आले. मुलांना बाकाखाली बसवले, डोक्यावर दप्तरे धरायला लावली, फोटो काढले. हादरा थांबल्यावर गॅस बंद करून मोकळ्या जागेत जावे, भिंती आणि विजेच्या तारा यांपासून दूर थांबावे, असे सांगितले. सांगितले ते योग्यच होते. मी उभा राहिलो व विचारले, "जाळीला बाहेरून कुलूप असेल, तर आतल्या माणसाने मोकळ्या जागेत कसे जावे?"

त्यांतील प्रमुखाने कागद चाळले. "आजोबा, बिबट्याचा विषय आमच्याकडे येत नाही."

मागून कोणीतरी म्हणाले, "आबा, बिबट्यालाच किल्ली द्या की राव." सारे हसले. मला संताप आला. पुढचे आठ दिवस मी भेटेल त्याला या बेजबाबदारपणाविषयी ऐकवत होतो. आणि ते आठही दिवस माझ्या घराच्या जाळीला बाहेरून कुलूप होते.

माझ्या पत्नीचे गुडघे निकामी झाले आहेत. ती शाळेत येऊ शकली नाही. तेथे वाटलेले पत्रक मी घरी आणून घड्याळामागे खोचले होते.

नवव्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास मी न्हाव्याच्या दुकानात होतो. अर्ध्या गालावर फेस होता. आरसा भिंतीवर आपटू लागला, बाटल्या खाली आल्या. न्हाव्याने वस्तरा लांब फेकला, हे त्याचे उपकार. आम्ही दोघे रस्त्यावर आलो. हादरा थांबला, आणि मला कुलूप आठवले. सून सकाळीच किल्ली घेऊन कांद्याच्या वावरात गेली होती. तिला फोन लागेना. मी तसाच घराकडे निघालो. न्हावी माझ्यामागे धावला व वाटेत एका गोठ्यातून त्याने पहार उचलली.

वाऱ्याने पत्रे उडू नयेत म्हणून पडवीवर मी दगड ठेवले होते. त्यांतील तीन घसरून जाळीसमोर पडले होते. बाहेर येणाऱ्याचे पाऊल पडेल नेमके तिथे. चौथा पत्र्याच्या काठावर अडकला होता. दाराच्या चौकटीवरून भिंतीला नवी भेग गेली होती. पत्नी जाळीचे गज धरून आत उभी होती.

"लागलं का?" मी विचारले.

"न्हाई. गॅस बंद केलाय. पत्रकात व्हतं, खाली बसता येत नसंल तर कपाटापासून लांब बसा नि डोकं झाका. उशी घेऊन बसले."

मी खाली पडलेला एक दगड उचलला व कुलपावर घातला. कुलपाला ओरखडाही उमटला नाही.

"अहो, मागं सरा," ती म्हणाली. "डोक्यावर धोंडा लटकतोय. आधी त्यो काढा."

न्हाव्याने पहारीने तो दगड खाली ओढला. मग कोयंड्यात पहार घालून जोर लावला. "आबा, लई पक्कं काम करून घेतलंय तुमी," तो धापा टाकत म्हणाला. "बिबट्या काय, मानूसबी सुटायचं न्हाई."

कोयंडा निखळेपर्यंत माझे डोळे त्या भेगेवर होते. पुन्हा हादरा आला असता, तर ती भिंत तिच्या पाठीवर आली असती आणि मी दोन हातांच्या अंतरावर उभा राहून पाहिले असते.

आम्ही तिला धरून खळ्यात आणले, तारांपासून दूर बसवले. न्हावी पाणी आणण्यास गेला. तिने पदराने माझ्या गालावरचा वाळलेला फेस पुसला.

"तालुक्याच्या लोकांना भरसभेत इचारलंत," ती म्हणाली. "मला घरात इचारलं असतं तर सांगितलं असतं, किल्ली आत ठेवा. मला काय येड लागलंय, बिबट्याला दार उघडायला?"

तिला कोणीच विचारले नव्हते. मीही नाही.

दुपारनंतर दोन लहान हादरे आले. गवंड्याकडून भिंत पाहून घेईपर्यंत आम्ही आत गेलो नाही. आता आमच्या जाळीला आतून कडी आहे. कुलूप आणि किल्ली तिच्या हाताला येईल अशा खिळ्याला असतात. पत्रे हुकांनी आवळले आहेत, दगड खाली आहेत. तालुक्याचे लोक भेगांचे फोटो काढून गेले. कुलपांविषयी त्यांनी तेव्हाही काही लिहून घेतले नाही.

मी घरोघर गेलो. चार घरांनी ऐकले. बाकीच्यांचे एकच म्हणणे: "आबा, म्हातारी इसरती." काय विसरते, हे कोणी सांगत नाही. हादऱ्याच्या दिवशी गॅस बंद करण्यास विसरलेली दोन घरे मला ठाऊक आहेत. दोन्हींत तरुण माणसे होती.

परवा शेजारच्या आळीत एका जाळीसमोर थांबलो. आत माझ्या पत्नीच्या वयाची बाई बसली होती. तिने विचारले, "तुमच्याकडं किल्ली कुठं असती?"

"आत. खिळ्याला."

"मग आमच्या सुनंलाबी सांगा की भाऊ."

तिची सून माझ्या शेजारीच उभी होती. तिने सारे ऐकले, कुलूप एकदा ओढून पाहिले आणि शेताकडे निघाली.