खोक्यांआडचं मत

“पाकीट उघडून दाखवा,” असं मी म्हटल्यावर डोनाबाईंनी ते छातीशी घट्ट धरलं.

बहारीनची राजधानी मनामा, तिथल्या एका कुरिअर ऑफिसात मी काउंटर सुपरवायझर आहे. आमचा नियम साधा. बंद पाकीट घ्यायचं नाही. आत काय आहे ते बघायचं, मग समोरच सील करायचं. डोनाबाई अमेरिकन, इथल्याच हमद टाउनच्या शाळेत शिकवतात.

“यात माझं मत आहे,” त्या म्हणाल्या. “उघडलं की बाद.”

मत होतं त्यांच्या राज्याच्या लेफ्टनंट गव्हर्नरसाठी. तिथला गव्हर्नर म्हणजे आपल्या मुख्यमंत्र्यासारखा. हा त्याच्या खालचा, म्हणजे उपमुख्यमंत्रीच म्हणा, पण थेट लोकांनी निवडलेला. दोन नंबरच्या माणसासाठी एवढा आटापिटा? मला हसूच आलं.

आजची व्हॅन चुकली तर मत मुदतीत पोचणार नव्हतं. मी बॉसला, अबू खालिदना बोलावलं. ते बहारीनी, हिंदी झकास बोलतात.

“सावंत, रूल मतलब रूल. खोलो, नहीं तो मफी कुरिअर.” मफी म्हणजे अरबीत ‘नाही’.

बाई चिडल्या नाहीत. त्यांनी शांतपणे विचारलं, “आधी दाखवून मग बंद केलं तर?”

मतपत्रिका त्यांना ई-मेलवर येते. छापायची, खूण करायची, पाठवायची. आमच्याच प्रिंटरवर नवी छापली. जुनं पाकीट त्यांनी न उघडता टराटरा फाडलं. कोरी पत्रिका अबू खालिदनी उलटसुलट पाहिली.

पण खूण करणार कुठे? मागे ही रांग! मी रिकामे खोके एकावर एक रचून आडोसा केला. अबू खालिदनी स्वतःची खुर्ची भिंतीकडे वळवली आणि ते रांगेवर ओरडले, “सब लोग उधर देखो! यल्ला!”

मल्याळी, पाकिस्तानी, बहारीनी, सगळे मुकाट पाठ करून उभे राहिले. कुणी हसलं नाही. मला एकदम भरून आलं. आडोशातून बाई घडी घातलेली पत्रिका घेऊन आल्या, आमच्यासमोर पाकिटात घातली, पाकीट सील केलं. व्हॅन तेवढ्यात दाराशी आलीच.

निकालानंतर बाई हलव्याचा डबा घेऊन हजर.

“जिंकला?”

“पडला. सपशेल.”

“मग हलवा कसला?”

“माझं मत मोजलं गेलं, सावंत. ऑनलाइन दिसलं.”

आमच्याकडे उमेदवार पडला की कार्यकर्ते आठवडाभर तोंड दाखवत नाहीत. ही बाई हलवा वाटत होती. मी मनातून हात जोडले.

धडा एवढाच, की पाकीट बंद करण्याआधी कुरिअरवाल्याला विचारावं. ते खोके मात्र मी अजून टाकलेले नाहीत. बाईंच्या राज्यात निवडणुका फार होतात म्हणे.